जिल्हा दैनिकाचा आजचा वाचक

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न पंचगंगा नदीचा असतो : किती फुटांवर? उत्तर फुटांत आणि इंचांत येते, आणि ते राजाराम बंधाऱ्यावरचे असते. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी; हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत हा आकडा सकाळच्या अंकात पहिल्या पानावरच्या चौकटीत शोधायचा असे. आता तो तासातासाला फोनवर येतो. ज्या गोष्टीसाठी माणूस सकाळी दार उघडून अंक उचलत असे, ती अंकाच्या आधी दहा वेळा त्याच्या हाती आलेली असते. तरीही पुष्कळ घरांत अंक उचलला जातो. कोण उचलतो, का उचलतो आणि उचलून त्याचे नेमके काय करतो, एवढाच या लेखाचा विषय आहे.

या विषयावर दोन ठाम मते नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे, फोन आला आणि वर्तमानपत्र संपले. दुसरे म्हणजे, मराठी माणसाला चहाबरोबर पेपर लागतोच, तो कुठे जात नाही. दोन्ही मतांत चूक एकच आहे. वर्तमानपत्र वाचणे ही एक क्रिया आहे असे दोघेही धरून चालतात. ती कधीच एक क्रिया नव्हती. पाणी किती वाढले, गुळाचा सौदा काय भावाने निघाला, कोण गेले, कुणाच्या जमिनीची नोटीस लागली, चित्रपटगृहात कोणता खेळ आहे, झेडपीच्या सभेत काय गोंधळ झाला, या सगळ्या वेगवेगळ्या गरजा होत्या. त्या एका कागदावर एकत्र बांधून येत म्हणून त्यांना आपण एकच नाव दिले. फोनने या जुडीची गाठ सोडली. काही काड्या निघून गेल्या, काही जागेवर राहिल्या, आणि जुडीत असताना जी फारशी दिसत नव्हती अशी एक काडी ठळकपणे पुढे आली. ती म्हणजे साक्ष. छापलेली गोष्ट सगळ्यांपुढे झाली आहे, तिच्याखाली कुणाचे तरी नाव आहे आणि उद्या ती कुणाला नाकारता येणार नाही, ही ती साक्ष.

मोजायचे काय?

आधी मापांचा घोळ सोडवला पाहिजे, कारण वाचकाविषयीची निम्मी भांडणे मापांची भांडणे असतात. ‘खप’ म्हणजे विकल्या गेलेल्या प्रती. १९४८ सालापासून ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था सभासद पत्रांचे खप तपासून प्रमाणित करते. ‘वाचकसंख्या’ ही वेगळी गोष्ट आहे. ती घरोघरी विचारून ठरते, आणि एका प्रतीला अनेक वाचक असू शकतात. केशकर्तनालयातला एक अंक दिवसभरात पंचवीस हातांतून जातो, गावच्या वाचनालयातला त्याहून जास्त. वाचकसंख्येच्या राष्ट्रीय पाहणीतही दोन प्रकारचे वाचक वेगळे धरले जातात. गेल्या महिन्याभरात कधीतरी अंक चाळणारा हा एक, आणि काल अंक वाचलेला हा दुसरा. या दोन आकड्यांमधले अंतर हीच अभ्यासाची खरी जागा आहे, कारण सवय सुटत चाललेला माणूस त्या फटीत उभा असतो. दुर्दैवाने २०१९ च्या पाहणीनंतर वर्षानुवर्षे नवी पाहणी झालीच नाही. त्यामुळे करोनानंतरच्या मराठी वाचकाविषयी जे ठासून बोलले जाते, त्यातले बरेचसे अंदाज असतात.

तिसरे माप फोनचे. इथे ‘भेटी’ मोजतात. एखाद्याने मथळ्यावर बोट टेकवले, पान उघडेपर्यंत जाहिरात आली आणि तो मागे फिरला, तरी भेट मोजली जाते. खप, वाचक आणि भेटी यांची बेरीज करून ‘आमचा वाचक वाढला’ असे सांगण्याची पद्धत पडली आहे, ती मला मुळातच चुकीची वाटते. कोल्हापूरच्या दूध संस्थेत दूध लिटरने मोजतात, पण दर फॅटवर ठरतो. खप आणि भेटी हे लिटर आहेत. वाचक बातमीपाशी किती थांबला, ती कुणाला वाचून दाखवली, तिच्यावर काही केले का, हे फॅट आहे. ते मोजणारे यंत्र अजून कुणाच्या कचेरीत बसलेले नाही.

संगणकाचेच लेकरू

जिल्हा आवृत्ती ही जुनी आणि संगणक नवा, अशी एक समजूत आहे. ती अर्धवट आहे. स्थानिक बातमीचे महत्त्व मराठीत जुनेच. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ चे. त्याचा वाचक मुख्यतः मुंबईचा, आणि ते मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघे. बेळगावात बाबूराव ठाकूरांनी ‘तरुण भारत’ १९१९ साली सुरू केला. अमेरिकेत शिकून आलेल्या नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली पुण्यात ‘सकाळ’ काढला आणि मतपत्राच्या जमान्यात गावगाड्याच्या रोजच्या बातमीला मान मिळवून दिला. ग. गो. जाधवांचा ‘पुढारी’ कोल्हापुरात १९३९ पासून दैनिक झाला. परंतु प्रत्येक जिल्ह्याला स्वतंत्र आवृत्ती, तालुक्याला पान, आठवड्याला शहराची पुरवणी, हा विस्तार ऑफसेट छपाई, संगणकावरची अक्षरजुळणी आणि तारेवरून पाने पाठवण्याची सोय यांमुळेच शक्य झाला. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत भारतीय भाषांतील पत्रांची जी वाढ झाली, ती रॉबिन जेफ्री यांनी २००० साली आपल्या ग्रंथात मांडली. तिच्यामागे ही यंत्रे होती. आज जे तंत्र जिल्हा दैनिकाचा वाचक घेऊन गेले असे आपण म्हणतो, त्याच तंत्राने तो आधी घडवला होता.

त्या पहिल्या संगणक-पर्वाची एक खूण आजही वाचकाला अडवते. तेव्हाची देवनागरी अक्षरे श्रीलिपीसारख्या खासगी सांकेतिक व्यवस्थेत होती. युनिकोड सर्रास व्हायला बराच काळ गेला. त्यामुळे मधल्या वर्षांचे असंख्य अंक जपले असले तरी त्यांत शोध घेता येत नाही. ते चित्र म्हणून पडून आहेत. स्वतःच्या गावाचे नाव टाकून तीस वर्षांच्या बातम्या काढाव्यात, एवढी साधी इच्छा मराठी वाचकाला पुरवता येत नाही. ई-पेपर आला तोही बहुधा पानाचे छायाचित्र म्हणूनच आला. फोनवर तो बोटांनी ताणून, इकडे-तिकडे सरकवून वाचावा लागतो. दोन कॉलम ओलांडेपर्यंत म्हातारा माणूस थकतो. फोनवरच्या वाचकाला चंचल म्हणण्याआधी आपण त्याच्यापुढे काय ठेवले, तेही पाहायला हवे.

जिल्हा आवृत्तीने एक तोटाही केला. तिने जिल्ह्याला कुंपण घातले. सेवंती निनान यांनी हिंदी पट्ट्यातल्या पत्रांविषयी २००७ च्या ग्रंथात हे दाखवले आहे, आणि ते आपल्याला जसेच्या तसे लागू पडते. कोयनेचे पाणी सोडले जाते सातारा जिल्ह्यात, चढते ते सांगली जिल्ह्यात, आणि त्याचा फुगवटा शिरोळ तालुक्याला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याला भोवतो. नदी एक, पण बातमी तीन आवृत्त्यांत वाटलेली. शिरोळच्या शेतकऱ्याला कराडची पातळी आपल्या पानावर ठळक मिळेलच, याची खात्री नसे. हे कुंपण फोनने मोडले, आणि हा फोनचा निखळ उपकार आहे.

पुरातला वाचक

वाचकाचे वागणे समजून घ्यायला ऑगस्ट २०१९ चा महापूर हा सर्वांत चांगला नमुना आहे. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहर कित्येक दिवस तुटले. २०२१ च्या जुलैत पुन्हा तसाच प्रसंग आला. अशा वेळी गठ्ठे घेऊन निघालेली गाडी कुठवर जाणार? चिखली-आंबेवाडीसारख्या पाण्याने वेढलेल्या गावांत अंकच पोचू शकत नव्हता. वाचन सगळे फोनवर गेले, आणि तिथे ते तीन थरांत चालले.

पहिला थर आकड्याचा. राधानगरीचे किती दरवाजे उघडले? धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी सुटते. हे इथला माणूस तोंडी सांगतो, आणि त्यावरून आपल्या शिवारात पाणी कधी येईल याचा हिशेब मांडतो. हा आकडा फोनवर लगेच मिळाला पाहिजे. छापील अंक इथे कधीच जिंकणार नाही आणि त्याने तसा हट्ट धरण्यातही अर्थ नाही. दुसरा थर भीतीचा. अमुक धरण फुटले, तमुक पूल वाहून गेला, आजच्या रात्री आणखी दहा फूट चढणार, असले निरोप आणि दुसऱ्याच कुठल्या तरी जुन्या पुराची चित्रे ग्रुपवर फिरतात. पाठवणारा बहुतेक वेळा दुष्ट नसतो. आपल्या माणसांच्या काळजीने पाठवतो. तिसरा थर खात्रीचा. ‘पेपरात आलंय का?’ हा प्रश्न त्या दिवसांत विचारला गेला, आणि तो विचारणाऱ्याच्या घरी पेपर येतच असे असेही नाही. ज्या संस्थेची बातमी आपण विकत घेत नाही, तिच्याच शिक्क्यासाठी आपण थांबतो. आजच्या स्थानिक वाचकाच्या वर्तनातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि सर्वांत विसंगतही.

पूर ओसरल्यावर मात्र छापील अंकाचे काम सुरू होते. पंचनामे कुणाचे झाले, सानुग्रह अनुदानाच्या यादीत कोण राहिले, निळ्या पूररेषेच्या आत बांधकाम कुणी केले, हे तासातासाचे विषय नाहीत. त्यांना महिने लागतात. फोनवरची बातमी सगळी त्या आठवड्याची असते. याद्यांची, कागदांची, पुन्हा पुन्हा मामलेदार कचेरीत जाऊन विचारण्याची बातमी तालुक्याचा वार्ताहर करतो. करीत असला तर.

अंक न आल्यावर काय होते?

एखाद्या सवयीचे खरे स्वरूप ती तुटल्यावर कळते. १९४५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रे पोचवणाऱ्या कामगारांनी संप केला आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ शहरात पेपर मिळेनात. बर्नार्ड बेरेल्सन या अभ्यासकाने तेव्हा वाचकांना गाठून विचारले : तुमचे नेमके काय अडले? गंभीर बातम्या हुकल्या असे बहुतेकांनी सांगितले. पण कोणत्या, हे विचारल्यावर पुष्कळांना सांगता येईना. खोलात गेल्यावर कळले ते वेगळेच. दिवसाची घडी विस्कटली होती, चार माणसांत बोलायला विषय उरला नव्हता, रेडिओचे कार्यक्रम आणि खरेदीच्या जाहिराती यांसारखी रोजची हत्यारे हातातून गेली होती. बेरेल्सनचा हा अभ्यास १९४९ साली प्रसिद्ध झाला आणि आजही तो वाचनविषयक अभ्यासाचा पाया मानला जातो.

महाराष्ट्राने हा प्रयोग २०२० मध्ये नकळत करून पाहिला. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी आली, मुंबईसह काही शहरांत छपाई थांबली. १८ एप्रिलच्या शासकीय आदेशाने घरोघरी अंक टाकायला बंदी झाली, आणि नंतर काही दिवसांतच बहुतेक जिल्ह्यांपुरती ती सैल केली गेली. कागदावरून रोग येतो ही भीती होतीच. त्या आठवड्यांत पीडीएफ अंक ग्रुपवर फिरू लागले आणि साठीच्या माणसांनीही फोनवर पान ताणायची कला शिकून घेतली. पीडीएफ फिरवणे हा स्वामित्वहक्काचा भंग आहे, असे पत्रमालकांच्या संघटनेने बजावले. एका हिंदी दैनिकाच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये टेलिग्रामला असे चॅनल काढण्याचा आदेश दिला. तरी सवय लागली ती लागलीच.

बेरेल्सनच्या न्यूयॉर्कमध्ये नव्हती अशी गोष्ट इथे घडली : अंक बंद होता, पण बातमी बंद नव्हती. त्यामुळे कोणत्या काड्या सुटल्या आणि कोणत्या राहिल्या, हे स्वच्छ दिसले. क्रिकेट, सिनेमा, राशिभविष्य, बाजारभाव, नोकरीच्या जाहिराती फोनवर गेल्या आणि परतल्या नाहीत. ज्यांच्या घरी अंक परत आला, त्यांच्याकडे तो तीन कारणांसाठी आला, असे मला दिसते. ज्येष्ठांची सकाळ, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास आणि जमीन-नोटिसांची नजर ही ती तीन कारणे. अभ्यासिकेत बसणारी मुले-मुली हा तरुणांमधला छापील अंकाचा सर्वांत चिकाटीचा वाचक आहे. ती अग्रलेखाखाली रेघा मारतात, कात्रणे वहीत चिकटवतात. ‘तरुण वाचतच नाहीत’ म्हणणाऱ्यांनी सकाळी सातला एखाद्या अभ्यासिकेत जाऊन पाहावे.

नोटीस, निधन, दणका

जाहीर नोटीस हा प्रकार वाङ्मयाच्या अभ्यासकांनी कधी विचारात घेतला नाही, पण जिल्हा दैनिकात जेवढ्या बारकाईने ती वाचली जाते तेवढ्या बारकाईने अग्रलेखही वाचला जात नाही. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, ‘कोणाचा हक्क, बोजा, वहिवाट असल्यास इतक्या दिवसांत कळवावे’. बोट ठेवून ओळ अन् ओळ वाचली जाते, आणि भावकीतल्या वाटण्या तिच्यावर अडतात. याला कायद्याचेही पाठबळ आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत समन्स बजावता आले नाही तर प्रतिवादीच्या भागात खपणाऱ्या दैनिकात ते प्रसिद्ध करण्याची तरतूद आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचना त्या परिसरातल्या दोन दैनिकांत, त्यांतले एक प्रादेशिक भाषेतले, अशी द्यावी लागते. बँकेने घराचा ताबा घेतला तर त्याची सूचनाही दोन पत्रांत, त्यांत एक स्थानिक भाषेचे. सातबारा आज फोनवर दिसतो. पण हरकत घेण्याची मुदत ज्या दिवसापासून चालू होते, तो दिवस अजूनही छापील पानावर असतो.

निधनवार्तेचे तसेच. मृत्यूची बातमी ग्रुपवर तासाभरात पोचते, फोटो आणि श्रद्धांजलीसह. तरीही घरचे लोक दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार ओळी याव्यात म्हणून धडपडतात. ‘त्यांच्यामागे पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन मंगळवारी सकाळी नऊ वाजता.’ हे वाक्य प्रत्येक वेळी तेच असते, आणि तेच असणे गरजेचे असते. ज्याचे नाव आयुष्यभर कुठे छापून आले नाही, त्याच्या नावाची गावाने घेतलेली ही एकमेव छापील नोंद असते. ती कात्रून देवघराच्या फळीवर जपलेली घरे या जिल्ह्यात जागोजाग आहेत.

‘दणका’ हा तिसरा प्रकार. बातमी आली आणि खड्डा बुजला, नळाला पाणी आले, बंद पडलेली एसटी फेरी सुरू झाली, की दुसऱ्या दिवशी चौकट येते. ग्रुपवर शंभर जणांनी तक्रार केली तरी जे होत नाही, ते दोन कॉलमी बातमीने कसे होते? याचे उत्तर सरकारी दप्तरात आहे. जिल्हा माहिती कार्यालयात रोज सकाळी कात्रणे काढली जातात आणि ती साहेबांच्या टेबलावर जातात. अधिकारी ती वाचतो. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आमदारांनी, विरोधकांनी आणि आपल्या वरिष्ठांनीही ती वाचली आहे, हे त्याला माहीत असते. सगळ्यांनी एकच गोष्ट वाचली आणि ती वाचल्याचे सगळ्यांना ठाऊक आहे, या सामायिक जाणिवेतच छापील पानाचे बळ आहे. दूरदूरची अनोळखी माणसे रोज सकाळी तेच पान वाचतात आणि त्यातून स्वतःला एका समाजाचे मानतात, हा विचार बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ साली राष्ट्राच्या संदर्भात मांडला. जिल्ह्याच्या संदर्भात तो अधिकच खरा आहे, कारण इथे वाचणारी माणसे अनोळखी नसतात. फोनवर मात्र प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने वेगळी बातमी दिसते. माझ्या फोनवर काय आले ते शेजाऱ्याला माहीत नाही, साहेबाला तर नाहीच. म्हणून तिथला संताप मोठा असला तरी तो सुटा सुटा राहतो.

सीमाभागात ही सामायिक जाणीव आणखी एक काम करते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर बेळगाव, खानापूर, निपाणी इथल्या मराठी माणसाभोवतीच्या कचेऱ्यांची भाषा बदलली. तिथे सकाळचा मराठी अंक दारात पडणे ही बातमीपलीकडची गोष्ट आहे, आणि कोणत्याही ॲपने ती अजून भरून काढलेली नाही.

कात्रणाचा प्रवास

आता फोन आणि कागद यांची जिथे गाठ पडते तिथे येऊ. आजचे एकक अंक नाही, पानही नाही, कात्रण आहे. छापून आलेल्या बातमीचा फोटो काढायचा, भोवती लाल रेघ ओढायची आणि ग्रुपवर टाकायचा. तीच बातमी त्याच दैनिकाच्या संकेतस्थळावर स्वच्छ अक्षरांत असली तरी लोक कागदाचाच फोटो पाठवतात. दुव्यावर कुणी बोट टेकवत नाही; कात्रण मात्र डोळ्यांसमोर पुरावा म्हणून उभे राहते. कागदाची पत इतकी, की खोटी बातमी पसरवणारेही नामवंत पत्राचे शीर्ष जोडून नकली कात्रण तयार करतात. ज्याची पत असते त्याचीच नक्कल होते.

पुण्यातल्या कंपनीत काम करणारा आजऱ्याचा मुलगा, दुबईत असलेला चंदगडचा गवंडी, मुंबईत तीन पिढ्या काढलेले गडहिंग्लजकर यांना आपल्या तालुक्याचे पान पूर्वी कधी मिळत नव्हते. गावाहून येणाऱ्याच्या पिशवीत चटणी-पापडाच्या बांधणीला जे यायचे तेवढेच. आता ते रोज सकाळी मिळते. स्थानिक पत्राचा भूगोल वाढला, ही माझ्या दृष्टीने या काळातली सर्वांत आनंदाची घटना आहे. पण वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कात्रण वाचणाऱ्याने अंक घेतलेला नसतो, आणि कात्रणाला मागचे-पुढचे पान नसते. खालच्या कोपऱ्यात काल छापलेल्या चुकीची दुरुस्ती आली असली, तरी ती ग्रुपवर येत नाही.

फोनसाठी लिहिताना पत्रांनीही वाचकाचा एक अपराध केला आहे. छापील मथळा काय घडले ते सांगतो : ‘राजारामपुरीत दोन दुकाने फोडली’. फोनवरचा मथळा तेच लपवतो : ‘कोल्हापुरात मध्यरात्री नेमकं काय घडलं?’ पहिल्या मथळ्यात वाचकाच्या वेळेचा मान आहे, दुसऱ्यात त्याच्या उत्सुकतेचा वापर आहे. दोन-चारदा फसल्यावर वाचक त्या संकेतस्थळाची साधी बातमीही मानेनासा होतो, आणि साक्षीची जी पत शंभर वर्षांत कमावली ती भेटींच्या मोबदल्यात खर्ची पडते.

कुणाच्या पैशाने?

हा प्रश्न लेखाच्या शेवटी आला असला तरी बाकी सगळे याच्यावर उभे आहे. अंकाची किंमत कागद, छपाई आणि विक्रेत्याचे कमिशन यांनाही पुरत नाही. उरलेला भार जाहिरातींवर. छोट्या जाहिराती, नोकरी, वधू-वर, वाहनविक्री हे उत्पन्न फोनने नेले. सप्टेंबर २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले तसे हे गळणे वाढले. जिल्हा पत्राकडे मग मुख्यतः दोन जाहिरातदार उरले : सरकार आणि पुढारी. सरकार पत्रांना अ, ब, क अशा वर्गांत बसवून दर ठरवते. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला पुरवणी निघते आणि तिच्या जाहिराती गोळा करण्याचे काम बहुधा त्याच तालुका प्रतिनिधीकडे असते, ज्याने त्याच पुढाऱ्याची बातमीही करायची असते. त्याला मिळणारे मानधन तुटपुंजे, कमिशन मात्र खरे. अशा माणसाकडून आपण निर्भीड बातमीची अपेक्षा करतो.

आणि तरीही ती येते. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला शशिकांत वारिशे या पत्रकाराला गाडीखाली चिरडण्यात आले. तिथल्या नियोजित रिफायनरीच्या वादाशी संबंधित एका व्यक्तीविषयीची त्यांची बातमी त्याच दिवशी ‘महानगरी टाइम्स’मध्ये आली होती. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा राज्याच्या विधिमंडळाने २०१७ सालीच मंजूर केला होता. तो वारिशे यांना वाचवू शकला नाही. छापील ओळीत बळ नसते, तर ती लिहिणाऱ्याचा जीव घ्यायला कुणी निघाले नसते. स्थानिक पत्र निष्प्रभ झाले म्हणणाऱ्यांनी राजापूर आठवावे.

वाचकाने पैसे देणे सोडले की पत्र बंद पडत नाही. ते दुसऱ्या कुणाचे तरी होते. जिल्हा दैनिकाच्या अधोगतीचा दोष फोनला देणे सोपे आहे. माझ्या मते तो दोष या साध्या हिशेबाचा आहे. महिन्याचे पेपरचे बिल अनेक घरांत एका वेळच्या बाहेरच्या जेवणापेक्षा कमी असते, वर रद्दी विकून त्यातले काही परत येते. तेवढे वाचवून आपण आपल्या तालुक्याचे पान पुढाऱ्याच्या पुरवणीला दिले.

‘वाचकांचा पत्रव्यवहार’ या सदराची अवस्था पाहिली तर यात वाचकाचे काय झाले, हे लक्षात येते. पूर्वी पत्राखाली नाव, गाव आणि सही लागे. संपादक ते तपासून छापत, आणि छापलेल्या पत्राला उत्तर द्यायला नगरपालिकेचा मुख्याधिकारी बांधील आहे असे मानले जाई. आता बातमीखाली निनावी शेरे पडतात, शेकड्याने पडतात, आणि दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाहीत. वाचकाचा आवाज वाढला आणि वजन घटले.

म्हणून वाचकाला दोनच विनंत्या. ज्या अंकाचे कात्रण तुम्ही ग्रुपवर पाठवता, तो अंक किंवा त्याचा ई-पेपर महिनाभर विकत घ्या, मग ते पत्र कोणतेही असो. आणि तुमच्या गावाविषयी त्यात चूक छापून आली, किंवा छापायला हवे ते राहून गेले, तर ग्रुपवर न लिहिता संपादकाला पत्र लिहा. खाली नाव आणि गाव घाला. अंकही निनावी नसतो. १८६७ च्या जुन्या कायद्यात होते तसेच मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नोंदणी कायद्यातही अंकावर प्रकाशकाचे आणि मुद्रकाचे नाव छापणे बंधनकारक आहे. ते तुम्हाला शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडेल.